श्रीरंजनीच्या मापाचे घर

चारुलताने झोळीतून पोलादी टेप काढली, "आजी, जरा उभ्या राहता का?" असे म्हणत तिचे टोक अंबुजाबाईंच्या उजव्या खांद्याला टेकवले, आणि तिथेच सगळे बिनसले. पदराच्या दोन घड्यांतूनही ते टोक गार लागले. पट्टी करकरत दंडावरून खाली उलगडू लागली, तशी अंबुजाबाईंनी ती दोन बोटांत धरून बाजूला केली. बावीस वर्षे मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका असताना एखादीच्या तोंडातली पेन्सिल काढून घ्यावी, तशी. "काय करुलालीस तूं?" त्या म्हणाल्या. चारुलता हसली. ती मूळची नाशिकची, दहा वर्षे चेन्नईत मातीची घरे बांधत आलेली, आणि तंजावरचे मराठी कानावर पडले की लहान मुलाने पाहुण्यांपुढे कविता म्हणावी आणि आपण कौतुकाने ऐकावे, तसा तिचा चेहरा होई. "किती गोड वाटतं हो तुमचं मराठी! अगदी पोथीतलं." ज्या भाषेत एके काळी राजवाड्यातून हुकूम सुटले, ती हिला गोड वाटते, असे मनात येऊन अंबुजाबाईंचे ओठ आवळले गेले.

"तुमचा हात कुठवर पोचतो, बसल्यावर गुडघा कुठे येतो, चाकांची खुर्ची वळवायला किती जागा लागेल, सगळं मोजून ठेवते," चारुलता म्हणाली. "घर अंगाला बसलं पाहिजे ना. म्हणजे पुढे कधी..."

"पुढे कधी काय?"

"काही नाही हो, आजी. वय तर सगळ्यांचंच होतं."

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत सकाळचे ऊन फरशीवर आडवे पडले होते, आणि अंबुजाबाईंना त्या उन्हात एकेचाळीस वर्षांपूर्वीची सासू पडलेली दिसली. दक्षिणेकडे डोके केलेली, पायांचे अंगठे बांधलेली. बांबू घेऊन आलेला माणूस सुतळीचे एक टोक तिच्या टाळूशी धरून दुसरे टाचेपर्यंत नेत होता. त्याने तिथे गाठ मारली, सुतळी मनगटाला गुंडाळली आणि सासूबाईंना मनगटावर घेऊन तो जिना उतरून गेला. याच सासूने हयातीत दहादा बजावले होते, साठीनंतर अंगाला सुतळी लावून घेऊ नये. ज्याला आपले माप कळते, तो लाकूड शोधायला लागतो. शिंप्याकडेसुद्धा ती जुने पोलके पाठवी. अंबुजाबाईंनी आयुष्यभर मुलींना विज्ञान शिकवले आणि सासूच्या असल्या बोलण्याला त्या मनातून हसत आल्या. पण आज ते पाते खांद्याला लागताच हसू आले नाही. शिवाय एक गोष्ट होती, जी त्यांनी डॉक्टरलाही सांगितलेली नव्हती. गेली दोन वर्षे उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. अंबाडा त्यांनी मानेवर खाली आणला होता, वरच्या फळीवरचे डबे 'सोयीसाठी' खालच्या फळीवर आणले होते, आणि देवळात हात जोडताना कोपरे अंगाशी धरायची सवय लावून घेतली होती, जिला बघणारे नम्रता समजत. हात कुठवर पोचतो, हे या नाशिकच्या पोरीच्या वहीत लिहिले जाणार होते.

"माझं कशाला?" त्या म्हणाल्या. "तिचं माप घे. घर तिच्यासाठीच बांधतोय."

ती म्हणजे श्रीरंजनी. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून एका पंचांगाची मुद्रितं तपासणारी, अंबुजाबाईंच्या नवऱ्याची, कृष्णस्वामींची धाकटी बहीण, म्हणजे नणंद, वय एकाहत्तर, उंची चार फूट आठ इंच. तिसऱ्या वर्षी पोलिओने डावा पाय घेतला होता आणि त्या पायाबरोबर लग्न, नोकरी, रस्ता, सगळेच हळूहळू गेले होते. सासू गेली त्या दिवशी ती याच खोलीत होती. ती सुतळी, ती गाठ तिनेही पाहिली होती. तिने पेन्सिल खाली ठेवली, कोणत्या तरी तिथीवर बोट दाबून धरले आणि अंबुजाबाईंकडे क्षणभर बघितले. त्या बघण्यात राग नव्हता. मुद्रितातली चूक बघावी तसे ते बघणे होते. मग ती चारुलताला म्हणाली, "घ्या की, ताई. माझं माप आजवर कुणी घेतलेलंच नाही. पोलकंसुद्धा वैनींचं जुनं आटवून घालतें."

चारुलता खळखळून हसली. अंबुजाबाई हसल्या नाहीत. पण मापे घेतली जात असताना त्या खुर्ची ओढून समोर बसल्या आणि एकेक आकडा आपणच मोठ्याने उच्चारून वहीत लिहवून घेऊ लागल्या. ओट्याची उंची अठ्ठावीस इंच. विजेची बटणे कमरेला. कमोड पंधरा इंच. "आजी, हे फार खाली होतंय," चारुलताने पेन थांबवले. "साधारण अठरा ठेवतो आम्ही. तुम्ही उंच आहात, तुम्हाला उठताना जड जाईल. नाहीतर दोन न्हाणीघरं करूया." त्यावर अंबुजाबाईंनी विचारले, दोन बायांना दोन मोऱ्या कशाला? पाणी वाचवायचे घर म्हणता ना तुम्ही? अंघोळीचे पाणी केळीला जाणार, भांड्यांचे कर्दळीला जाणार. मग दोन दोन नळ कोणासाठी? "आणि धरायची दांडी कोणत्या बाजूला?" चारुलताने विचारले. श्रीरंजनी पटकन म्हणाली, "दोन्हीकडे लावा." म्हणाली आणि खाली बघू लागली. अंबुजाबाईंच्या लक्षात आले की हिला माहीत आहे. खालच्या फळीवर आलेल्या डब्यांवरून, अंबाड्यावरून, कशावरून कोण जाणे, पण माहीत आहे. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "एक पुरे," त्या म्हणाल्या. "तुझा उजवा हात धड आहे. उजवीकडे लाव, चारुलता. भिंतीला भोकं पाडत सुटू नकोस."

अंबत्तूरला औद्योगिक वसाहतीच्या मागे, एरीपासून, म्हणजे तिथल्या तलावापासून पाच मिनिटांवर, कृष्णस्वामींनी चाळीस वर्षांपूर्वी जागा घेऊन ठेवली होती. रेल्वेचे डबे बनतात तिथल्या आरेखन विभागात ते होते. दर रविवारी आलेखाच्या कागदावर घराचा नकाशा काढायचे आणि सोमवारी अंबुजाबाईंच्या एका वाक्याने तो गुंडाळून ठेवायचे. "देवळापासून, समुद्रापासून उठून कारखान्यांच्या मागे राहायला जायचं?" ते गेले, त्याला आठ वर्षे झाली. आता अंबुजाबाई स्वतःच तिथे घर बांधायला निघाल्या, तेव्हा मुलाला, मुरलीला, नवल वाटले. तो श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटार कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता आणि आई आपल्या फ्लॅटवर यावी म्हणून दरवर्षी नियमाने आग्रह करी, दरवर्षी नियमाने हरे. सुनेच्या, सौम्याच्या, स्वयंपाकघरात पाहुणीसारखे बसून कापी पिणे अंबुजाबाईंच्या रक्तात नव्हते. "तुझ्या आत्यासाठी," त्यांनी मुरलीला सांगितले. "पोरीने किती दिवस जिने चढायचे?" आणि हे सांगताना आपण खरे बोलत आहोत, याबद्दल त्यांना शंका आली नाही.

बेचाळीस पायऱ्या होत्या. दर शुक्रवारी संध्याकाळी देवळात जाण्यासाठी अंबुजाबाई श्रीरंजनीला त्या बेचाळीस पायऱ्या उतरवत आणि चढवत. हा नेम कधीपासूनचा, हे दोघींनाही आठवत नव्हते. श्रीरंजनीचा उजवा हात अंबुजाबाईंच्या डाव्या खांद्यावर, तिचे निम्मे वजन त्या खांद्यात मुरलेले, आणि प्रत्येक पायरीला अंबुजाबाईंचा आवाज, "ठेव. आता दुसरा. घाई नक्को." खालच्या मजल्यांवरच्या बायका दारात येऊन बघत. अशी भावजय मिळायला पुण्य लागतं, असे त्या तमिळमध्ये एकमेकींना म्हणत आणि ते अंबुजाबाईंना ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणत. त्या वजनाची अंबुजाबाईंना इतकी सवय झाली होती की खांदा रिकामा असला तर त्यांची चाल बिघडे. अलीकडे त्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबत. "दम घे, रंजनी," म्हणत. श्रीरंजनी निमूट उभी राही. तिला दम लागलेला नसे. दोघींपैकी कोणाची छाती भात्यासारखी चालते आहे, हे त्या अरुंद वळणावर दोघींनाही स्पष्ट ऐकू येई, आणि दोघीही भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत उभ्या राहत.

घर उठू लागले. पायासाठी खणलेल्या मातीतच थोडे सिमेंट मिसळून यंत्राने दाबून विटा पाडल्या, न भाजता, उन्हात नव्हे तर सावलीत, ओल्या गोणपाटाखाली वाळवल्या. छतात मातीची भांडी पालथी घालून वर काँक्रीट ओतले, म्हणजे सिमेंट कमी आणि खाली गारवा. भिंतींना चुना, जमिनीला तांबडी, पाय न घसरणारी फरशी. पूर्वेला जाळी, कारण दुपार कलली की समुद्रावरचा वारा एवढ्या आतपर्यंतही येतो. पावसाळ्यात एरी भरली की रस्त्यावर गुडघाभर पाणी चढते, म्हणून जोते तीन फूट उंच. आणि पायरी एकही नाही, म्हणून फाटकापासून ओसरीपर्यंत घराला वळसा घालून जाणारा छत्तीस फुटांचा उतार. कोणत्याच दाराला उंबरा नव्हता. "उंबऱ्यावाचून घराला घर म्हणत नाहीत, गोदाम म्हणतात," असे अंबुजाबाईंनी गवंड्यांदेखत सुनावले, पण चारुलताने व्हीलचेअरची चाके जमिनीवर टेकवून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी त्या जणू ही आपलीच कल्पना होती, अशा थाटात सुताराला म्हणाल्या, "मधे अर्ध्या इंचाची पट्टीसुद्धा चालायची नाही." चाकांच्या खुर्चीत कोण बसणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. अंबुजाबाईंच्या डोळ्यांपुढे ते चित्र ठरलेले होते. खुर्चीत श्रीरंजनी, मागे खुर्चीच्या दांड्यांवर आपले हात, तो लांब उतार, आणि फाटकाशी थबकलेल्या नव्या शेजारणी.

छत ओतून झाले त्या आठवड्यात श्रीरंजनीने कापीचा पेला पुढे ठेवला आणि उभ्यानेच सांगितले, "वैनी, मी अंबत्तूरला येत नाहीं. कुंभकोणमला बायकांसाठी एक निवास आहे. माझ्यासारख्या नोकरीतून सुटलेल्या, एकट्या. खोली मिळते, खाली बाग आहे. मी अर्ज केला." अंबुजाबाईंना प्रथम वाटले, ही पंचांगातले काही तरी वाचून दाखवते आहे. "तुझी कुठली नोकरी?" त्या म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली," श्रीरंजनी म्हणाली. "ती तुम्हांला दिसली नसतील. तुम्ही शाळेत असायचात." मग अंबुजाबाईंनी विचारले, एवढे घर कोणाच्या मापाने बांधतो आहोत? ओटा कोणाच्या हाताला बसवला? बटणे कोणासाठी खाली आणली? श्रीरंजनी म्हणाली, "मी कधी मागट्लं होतं? तुम्ही टेप माझ्याकडे ढकललीत, मी उभी राहिलें." एवढेच बोलून ती आत गेली, डावा पाय ओढत, आणि अंबुजाबाईंना त्या घासण्याच्या आवाजाबरोबर ते अर्धे घर रिकामे झालेले ऐकू आले. चुन्याचा वास येणाऱ्या दोन खोल्या, छत्तीस फुटांचा उतार, आणि त्यावरून एकटीच चालत येणारी एक उंच बाई. त्या उतारावर तिला कोणीच ओळखत नव्हते.

चार दिवसांनी फोन आला. निवासाच्या वॉर्डनबाई. निवासात राहणारीला आपले आपण करता आले पाहिजे, तसा नियम आहे. घरच्या जबाबदार माणसाचे मत घेऊन ठेवतो, एवढेच. श्रीरंजनी तेव्हा न्हाणीघरात होती, पाण्याचा आवाज येत होता. अंबुजाबाईंचा फोनवरचा आवाज फार सुंदर होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात पालकांना बसवून ठेवणारा. त्या आवाजात, निर्दोष इंग्रजीत, त्यांनी सांगितले की श्रीरंजनी अत्यंत गुणी आहे, परावलंबी आहे हे तिला स्वतःला मान्य होत नाही, हाच काय तो तिचा आजार. गेल्या वर्षात दोनदा पडली, रात्री कूस बदलायलाही माणूस लागते, तुम्ही नियम मोडून घेणार असाल तर माझी हरकत नाही, पण तुमच्या जिवाला घोर नको म्हणून सांगते. यातले एकही अक्षर खरे नव्हते आणि बोलताना अंबुजाबाईंचा श्वास एकदाही अडखळला नाही. बोलता बोलता त्यांना एक निळ्या काठाची कपबशी आठवली. तेहेतीस वर्षांपूर्वी पंचांगाच्या छापखान्यातले बालाजीराव, विधुर, पन्नाशीचे, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन ते बेचाळीस पायऱ्या चढून आले होते, श्रीरंजनीला मागणी घालायला. कृष्णस्वामी कामावर होते. श्रीरंजनी आत ताकाच्या मोरकुळंबूला फोडणी देत होती. अंबुजाबाईंनी बालाजीरावांना कापी दिली आणि याच आवाजात, हीच कुशीची गोष्ट सांगितली. ते गृहस्थ खाली बघत कापी संपेपर्यंत बसले, कप काळजीपूर्वक बशीत ठेवला आणि सफरचंदे विसरून गेले. श्रीरंजनीने विचारले, कोण आले होते? अंबुजाबाई म्हणाल्या, छापखान्यातला माणूस, मुद्रितांचं विचारायला. सफरचंदे चार दिवस पुरली. ती पाप म्हणून त्यांनी कधी आठवली नव्हती, आजही नाही. मोडक्या पायाची पोर परक्याच्या घरी जाऊन काय सुख भोगणार होती? सुख आपल्या खांद्यावर होते, तोलून मापून, दर शुक्रवारी. वॉर्डनबाईंनी आभार मानले. आठ दिवसांनी नकाराचे पत्र आले. ते श्रीरंजनीने दोनदा वाचले, घडी घातली आणि कोणताही प्रश्न न विचारता सामान बांधायला घेतले.

तै महिन्यात, संक्रांत झाल्यावर, त्या दोघी अंबत्तूरला राहायला आल्या. दूध उतू घालून झाले, मुरली-सौम्या जेवून गेले, आणि पहिल्याच सकाळी अंबुजाबाई उठून ओसरीवर येतात तो श्रीरंजनी घरात नव्हती. त्यांनी न्हाणीघर बघितले, मागचे केळीचे वाफे बघितले. पाऊण तासाने फाटक वाजले आणि श्रीरंजनी उतारावरून वर आली, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. तिचा चेहरा घामाने चमकत होता. "एरीपर्यंत गेलें होतें," ती म्हणाली. "बगळे आहेत." एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदा कोणाच्याही खांद्यावाचून रस्त्यावर जाऊन आली होती, आणि तिने सांगितले काय, तर बगळे. अंबुजाबाई म्हणाल्या, "शेजारीपाजारी काय म्हणतील? एकटीला सोडलं म्हणून मला नावं ठेवतील." "त्यांना मी सांगट्लंय," श्रीरंजनी म्हणाली, "की माझ्या वैनींनी हा उतार माझ्यासाठी बांधून घेतला. सगळे तुमचं नांव काढुलालेत." त्या वाक्यात कुठे काटा आहे का, हे अंबुजाबाईंनी चाचपून बघितले, सापडला नाही, आणि म्हणूनच ते वाक्य दिवसभर टोचत राहिले.

घर श्रीरंजनीच्या अंगाला बसले. ती त्यातून पाण्यासारखी फिरे. ओट्याशी स्टुलावर बसून भाजी चिरी, हात न उचलता दिवे लावी, सरकती दारे बोटाने ढकली, आणि आयुष्यभर जी कामे मागून, वाट बघून, उपकार होऊन व्हायची, ती एका सकाळीत उरकून मुद्रितांना बसे. अंबुजाबाईंना मात्र ते घर पावलोपावली वाकवी. अठ्ठावीस इंचांच्या ओट्यावर कापी गाळताना त्यांची कंबर धरे. बटणे अंधारात सापडत नसत, कारण हात सवयीने वर जाई आणि तिथे नुसता चुना असे. आरशात त्यांना स्वतःची हनुवटी आणि मंगळसूत्र नसलेला गळा दिसे. चेहरा बघायचा तर गुडघे दुमडावे लागत. न्हाणीघरात तर दररोज एक लढाई होई. खाली, फार खाली बसायचे, आणि उठताना उजवीकडची ती गुळगुळीत दांडी, जिला धरायला उजवा हात नव्हता. डावा तळवा भिंतीच्या चुन्यावर दाबून, दात आवळून, तीन प्रयत्नांत त्या उठत. बाहेर आल्या की पदर झटकून विचारत, "चारुलताला फोन कर. म्हणावं, नळ नीट बसवलेला नाही, गळतो." चारुलता येई, नळ तपासे, काही सापडत नसे. दांडीबद्दल आणि उंचीबद्दल अंबुजाबाई अवाक्षर काढीत नसत. दुसरी दांडी बसवायला तिला अर्धा तास लागला असता. पण तो अर्धा तास मागायचा म्हणजे त्या सकाळचा एकेक आकडा, आपल्याच आवाजात उच्चारलेला, परत घ्यायचा.

आषाढाच्या आधी श्रीरंजनी दोन दिवस तंजावरला जाऊन आली. कोणा मावसबहिणीच्या नातीचे, तनयाचे, लग्न होते. "मीही येते," अंबुजाबाई म्हणाल्या होत्या. "तुम्हांला गाडीत चढउतर जड जाईल, वैनी," श्रीरंजनी शांतपणे म्हणाली होती. येताना ती लग्नाचे लाडू घेऊन आली. तेव्हापासून आठ दिवस तिच्या बोलण्यात काही फरक पडला नाही. फक्त ती अंबुजाबाईंच्या चेहऱ्याकडे बघेनाशी झाली. बोलताना त्यांच्या खांद्याकडे बघे.

नवव्या दिवशी, जेवणे आटोपल्यावर, अंबुजाबाई न्हाणीघरात गेल्या आणि उठू शकल्या नाहीत. एकदा, दोनदा, पाचदा. डावा तळवा घामाने ओला झाला होता, भिंतीवरून निसटत होता. मांड्या थरथरून मग बधिर झाल्या. पश्चिमेच्या झरोक्यातून उन्हाचे चौकोन आत येऊन त्यांच्या गुडघ्यांवर बसले होते; छत खरोखरच गार होते, चारुलता म्हणाली तसे; सगळे तिने म्हटल्यासारखेच झाले होते. बाहेर श्रीरंजनीचा वावर ऐकू येत होता. कपाट उघडले, मिटले. काही तरी ओढले गेले. अंबुजाबाईंनी ठरवले, हाक मारायची नाही. शाळेत एकदा मुलींच्या प्रार्थनेत त्यांना भोवळ आली होती, तेव्हा त्या व्यासपीठाची कड धरून प्रार्थना संपेपर्यंत उभ्या राहिल्या होत्या आणि कोणालाही कळू दिले नव्हते. पण इथे धरायला कड होती ती भलत्या बाजूला, आणि प्रार्थना संपणारी नव्हती. अर्धा तास गेला असेल. चौकोन गुडघ्यांवरून खाली सरकले. "रंजनी," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनाच तो परका वाटला. म्हणून दुसऱ्यांदा त्यांनी ओरडूनच हाक मारली.

दार सरकले. श्रीरंजनी नीट विंचरलेली, तांबूस अरक्कू रंगाची सुती साडी नेसलेली, मनगटावर घड्याळ. बाहेरगावी जाताना नेसायची ती साडी. तिने अंबुजाबाईंना वरपासून खालपर्यंत बघितले नाही, डोळे वळवून झरोक्याकडे बघत ती म्हणाली, "तीनला टॅक्सी येते, वैनी. मी कुंभकोणमला जातें. तंजावरला गेलें तेव्हा तिथे उतरलें होतें. वॉर्डनबाईंनी मला चालताना बघट्लं, जिना चढवून बघट्लं. खोली दिली." मग म्हणाली, "तुम्ही फोनवर काय सांगट्लंत, तेही सांगट्लं त्यांनी."

अंबुजाबाईंनी पदर मांडीवर ओढला. "आधी हात दे," त्या म्हणाल्या.

"देतें. मला उठवायला येतं." श्रीरंजनी दोन पावले आत आली. भिंतीला पाठ टेकून तिने स्वतःला सावरले. जवळून तिचा चेहरा फार म्हातारा दिसत होता. "एवढंच सांगा, तसं का सांगट्लंत? मी भांडायची नाहीं. रागवायचीही नाहीं. मला फक्त ऐकायचं आहे, तुमच्या तोंडून. मग उठवतें, कापी करून देतें आणि जातें. कदाचित..." आणि ती अडखळली. "टॅक्सीवाल्याला उद्या ये म्हणूनही सांगता येतं, वैनी. काय घाई आहे?"

उत्तर अंबुजाबाईंच्या जिभेवर होते. आश्चर्य हे, की ते शोधावे लागले नाही. जणू तिथे तेहेतीस वर्षे बसून होते, आपल्या पाळीची वाट बघत. तू गेलीस तर मी कोणाला धरून चालू? सात शब्द. शाळेत एवढ्या लांबीचे वाक्य त्या पहिलीच्या मुलींना एका श्वासात म्हणायला लावत. समोर श्रीरंजनी मान किंचित वाकवून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो अंबुजाबाईंना मुलींच्या चेहऱ्यावर कधीच सहन झाला नव्हता. उत्तर आधीच ठाऊक असून बाईंना ते सांगू देणाऱ्या मुलीचा भाव. ही आपल्याला उठवणार. आपले निम्मे वजन आपल्या खांद्यावर घेणार आणि म्हणणार, ठेव, आता दुसरा, घाई नक्को. शेजारणी फाटकाशी उभ्या राहणार. दररोज.

"दार लाव," अंबुजाबाई म्हणाल्या.

श्रीरंजनीने मनगटावरचे घड्याळ बघितले. "वैनी, सहाच्या आधी सौम्या यायची नाहीं. मी तिला सहाला यायला सांगट्लंय."

"ऐकू येत नाही? दार लाव."

पन्नास वर्षांत त्या आवाजाची आज्ञा श्रीरंजनीने एकदाही मोडलेली नव्हती. तिने मान हलवली, उलट्या पावली बाहेर झाली आणि दार सरकवले. चारुलताने चाके उत्तम बसवली होती, एका बोटाने ते आवाज न करता भिंतीपर्यंत गेले. मग ओसरीवर पिशवीची चाके वाजली, पाय घासत गेला, थांबला, पुन्हा घासत गेला, उतारावर लागला. खाली कोणी तरी आजी अशी हाक मारून तमिळमध्ये विचारले, "पाट्टी, सामान मी घेऊ का?" आणि श्रीरंजनीचा आवाज आला, मोकळा, जवळजवळ तरुण, "वेंडाम, नक्को, मला येतं." फाटक लागले. गाडी वळली, गेली.

पूर्वेच्या जाळीतून समुद्रावरचा वारा आत येऊ लागला, ठरल्या वेळी, आणि अंबुजाबाईंच्या ओल्या पाठीला गार लागला. सौम्याला यायला तीन तास होते. त्यांनी डाव्या हाताने पदर खांद्यावर सारखा केला, मानेवर सुटलेले केस अंबाड्यात खोचले आणि दाराकडे तोंड करून ताठ बसल्या.